खांबावर न चढणारा लाइनमन: चेंडूला हात न लावता ११.४ कोटी डॉलर कशाचे?

आपल्याकडे लाइनमन म्हटलं की महावितरणचा माणूस आठवतो. वीज नीट चालू असली की तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. ती गेली की मात्र सगळ्या आळीला त्याचा नंबर हवा असतो. अमेरिकन फुटबॉलमध्येही एक लाइनमन असतो आणि त्याची गत जवळपास हीच. काम चोख झालं तर समालोचक त्याचं नावही घेत नाहीत. चुकला, की पंच माइकवरून त्याचा नंबर अख्ख्या स्टेडियमला ऐकवतात.

जुलै २०२५ च्या अखेरीस एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस चार्जर्स या संघाने रशॉन स्लेटर नावाच्या अशाच एका लाइनमनशी चार वर्षांचा, ११.४ कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी २.८५ कोटी डॉलर. या जागांवर खेळणाऱ्या कुणालाही तोवर एवढे मिळाले नव्हते. दोन आठवडेही झाले नसतील, ७ ऑगस्टला सरावातच त्याच्या गुडघ्याची वाटी नडगीच्या हाडाला बांधून ठेवणारी जाड कंडरा फाटली. हंगाम सुरू होण्याआधीच संपला.

हा खेळ ज्यांनी कधी धड पाहिलेला नाही त्यांना इथे दोन प्रश्न पडतात. चेंडू फेकायचा नाही, पकडायचा नाही, घेऊन पळायचा नाही, मग एवढे पैसे कशाचे? आणि एकही सामना न खेळता जायबंदी झाला, तर ते पैसे बुडाले का?

## खेळ, लागेल तेवढाच

मैदान शंभर यार्डांचं, अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरपेक्षा थोडं जास्त, पुढे सरकायचं असतं. जमलं तर नव्याने चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न कबड्डीतल्या चढाईसारखा सुटा असतो: मांडणी, काही सेकंदांची झटापट, शिट्टी, पुन्हा मांडणी. पुढे जाण्याचे मार्ग दोनच. चेंडू कुणाच्या तरी हातात देऊन पळवायचा, नाही तर क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल खेळवणाऱ्या म्होरक्याने, पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा.

चेंडूच्या रेषेवर त्याच्यासमोर पाच धिप्पाड माणसं वाकून उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि कडेला दोन टॅकल. हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. आपले लाइनमन ते हेच. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्या क्षणाला स्नॅप म्हणतात. चेंडूला दर वेळी हात लागतो तो त्या एकाचाच, तोही पाव सेकंद. (प्रो कबड्डी पाहणाऱ्यांसाठी: चेंडूवाल्याला पाडणं याला इथेही टॅकल म्हणतात, पण कडेच्या या दोघांच्या जागेचं नावही तेच आहे. गोंधळ होतो, इलाज नाही.)

पाचांचं काम दोन प्रकारचं. चेंडू पळवायचा असेल तर समोरच्यांना रेटून वाट उघडायची. फेकायचा असेल तर क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोहोचू द्यायचं नाही. नियम मात्र यांच्यावरच कडक. जर्सीचा नंबर ५० ते ७९ मधला, पुढे फेकलेला चेंडू पकडायचा नाही, फेकीच्या चालीत चेंडू हातातून सुटेपर्यंत एका यार्डापेक्षा पुढे जायचं नाही. बचाव करणाऱ्याने लाइनमनला धरून बाजूला ओढलं तरी चालतं. लाइनमनने त्याला धरून ठेवलं तर ‘होल्डिंग’, दहा यार्डांचा दंड. स्नॅपआधी दचकून हलला तरी पाच यार्ड मागे. चार प्रयत्नांत मिळवायचे आहेत दहाच, हे लक्षात घेतलं की एका होल्डिंगची किंमत कळते.

## अडीच सेकंद

विरार लोकलच्या दारात उभं राहून घुसणाऱ्या गर्दीला थोपवायचंय, पण कुणाचा शर्ट धरायचा नाही, हात समोरच्याच्या छातीवरच ठेवायचे, आणि हे सगळं स्वतः उलट्या पावली मागे सरकत करायचं. लाइनमनचं फेकीच्या चालीतलं काम साधारण असं. गर्दीऐवजी एकच माणूस असतो, पण तो १२० किलोचा असतो आणि धावपटूसारखा सुटतो.

डाव्या टॅकलचं एक काम जवळून पाहू. डावा पाय किंचित मागे ठेवून तो वाकून उभा आहे. स्नॅप होताच उजव्या पायाने जमीन रेटून डावा पाय मागे-बाहेर टाकतो, उजवा पाय जमिनीलगत घसटत आणतो. पुन्हा तेच. या चालीला ‘किक स्लाइड’ म्हणतात. पाय एकमेकांना चिकटले की तोल गेला, उचलून टाकले तरी गेला. क्वार्टरबॅक स्नॅपनंतर साधारण सात यार्ड मागे जातो. हल्लेखोर, म्हणजे त्याच्यावर धावून येणारा बचावपटू, कमानीसारखं वळण घेत त्या जागी पोहोचू पाहतो. टॅकलला त्याच्याआधी कमानीवर पोहोचून त्याला बाहेरून, क्वार्टरबॅकच्या मागून, फुकट फिरवून आणायचं असतं.

चुका ठरलेल्या असतात आणि प्रत्येकीवर टपून बसलेला कुणी तरी असतो. बाहेर जास्त सरकलात, तर तो आतून घुसतो. कंबर लवकर बाहेर वळवलीत, तर आतली वाट उघडी. दोन्ही तळहातांनी छातीवर द्यायचा धक्का, ज्याला इंग्रजीत ‘पंच’ म्हणतात (शिट्टीवाले पंच वेगळे), तो लवकर दिलात तर समोरचा हात झटकून टाकतो आणि तुमचं वजन पुढे झुकतं. उशिरा दिलात तर तोच तुमच्या छातीत शिरून तुम्हाला क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवतो. कोपर अंगाशी, अंगठे वर, पकड छातीच्या चौकटीत. पकड आत असेल तोवर पंच सहसा कानाडोळा करतात. हात खांद्याबाहेर गेला आणि जर्सी ताणलेली दिसली, की दंडाचं पिवळं फडकं पडलंच.

हे सगळं बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंदांत आटोपतं. सामन्यात असे साठ-सत्तर प्रयत्न. धावणारे, चेंडू पकडणारे आलटून पालटून आत-बाहेर होतात. लाइनमन सहसा बदलत नाहीत. सतरा सामन्यांच्या हंगामात हजारापेक्षा जास्त झटापटी होतात. त्यांतल्या ९९५ बरोबर केल्या आणि उरलेल्यांपैकी एकीत क्वार्टरबॅकचा खांदा गेला, तर लोकांना तीच आठवते.

पळवण्याच्या चालीत हेच लोक शिकारी होतात. गार्ड आणि सेंटर मिळून समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला खांद्याला खांदा लावून दोन पावलं मागे ढकलतात, आणि मग दोघांपैकी एक जण सुटून मागच्या फळीतल्या माणसावर जातो. कुणी सुटायचं, हे आधी ठरवता येत नाही. मागचा माणूस कुठून वाट काढतोय ते ढकलता ढकलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचं. लवकर सुटलात तर पहिला माणूस मोकळा, उशिरा सुटलात तर दुसरा.

## नुसता दांडगा माणूस उभा केला तर नाही चालणार?

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक जण घेतो. आकार लागतो, हे खरंच. या लीगमधला लाइनमन साधारण सहा फूट चार-पाच इंच उंच आणि १४० किलोच्या आसपास असतो. पण एवढ्या वजनाची माणसं अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्या वजनानिशी उलट्या पावली, गुडघ्यात वाकून, नाचणाऱ्याच्या हलकेपणाने सरकू शकणारी फार थोडी.

दरवर्षी इंडियानापोलिसला होणाऱ्या चाचणी शिबिरात कॉलेजच्या खेळाडूंना मोजून काढतात. १०२ किलोची पट्टी छातीवरून किती वेळा उचलली, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला, आणि हात किती लांब आहेत. या शेवटच्या मापावरून दर वर्षी वाद झडतात. टॅकलचे हात ३३-३४ इंच तरी असावेत असा संकेत आहे, कारण साधं आहे: ज्याचा हात आधी पोहोचतो तो ठरवतो. २०२५ मध्ये विल कॅम्बेल या टॅकलचे हात शिबिरात ३२ आणि पाच अष्टमांश इंच भरले, त्यावरून महिनाभर चर्चा झाली. न्यू इंग्लंडच्या संघाने तरीही नवख्यांच्या वार्षिक निवडीत त्याला चौथ्या क्रमांकाला घेतलं.

दुसरी गोष्ट, हे पाच सुटे नसतात. स्नॅपआधी सेंटर समोरच्या मांडणीकडे बोट दाखवून ओरडताना दिसतो. मधल्या बचावपटूला ‘माइक’ म्हणतात. आज माइक कोण, हे तो आणि क्वार्टरबॅक ठरवतात आणि त्यावरून पाचही जण आपापला माणूस मोजतात. मोजणीत एकाचा आकडा चुकला तर एक हल्लेखोर कुणाच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्याच्या मैदानावर गोंगाटात काहीच ऐकू येत नाही, तेव्हा क्वार्टरबॅक पाय उचलून खूण करतो, गार्ड मागे पाहून सेंटरला चापट मारतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या ठोक्यानंतर चेंडू देतो. इतरांना चेंडू दिसतही नसतो. वाजंत्र्यांच्या गराड्यात दहीहंडीच्या खालच्या थराने डोळ्याला डोळा न भिडवता एकदम बसकण मारावी, तसं हे.

पुरावा हवा असेल तर फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, पुरेसा आहे. कॅन्सस सिटीकडे पॅट्रिक माहोम्स हा त्या काळचा सर्वांत भारी क्वार्टरबॅक होता. पण दोन्ही मुख्य टॅकल जायबंदी, म्हणून जागा इकडच्या तिकडे करून पाच जण उभे केलेले. माहोम्स सामनाभर जीव घेऊन पळत राहिला आणि संघ ९-३१ असा हरला. त्यानंतर व्यवस्थापनाने लाइनची जवळजवळ सगळी माणसं बदलली. जो थुनीला मोठी रक्कम देऊन आणलं, क्रीड हम्फ्रीला दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथला सहाव्या फेरीत घेतलं. २०२३ आणि २०२४ चे अंतिम सामने त्यांनी जिंकले. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच माहोम्सला सहा वेळा पाडलं आणि ४०-२२ असं हरवलं. कारणं बरीच असतात, पण लाइन त्यांत पहिली.

## डावा टॅकल महाग का?

उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू मागे घेतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे वळते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर वॉशिंग्टनच्या जो थाइसमनवर आदळला. पाय नडगीत मोडला, हाड बाहेर आलं, थाइसमन पुन्हा खेळला नाही. सबंध देशाने ते टीव्हीवर पाहिलं. टेलरसारख्या हल्लेखोरांना तोंड देऊ शकेल असा माणूस डावीकडे हवा, हे संघांना तोवर उमगू लागलंच होतं. बाजारभाव पुढे वाढतच गेला.

आता हा फरक बराच पुसला गेलाय, कारण हल्लेखोर दोन्ही बाजूंनी सोडले जातात. डेट्रॉइटच्या पेनेई सूएलला उजवा टॅकल असताना २०२४ च्या करारात वर्षाला २.८ कोटी डॉलर मिळाले. सेंटर मात्र तेव्हा स्वस्तच: त्याच वर्षी हम्फ्री १.८ कोटींवर सर्वांत महाग सेंटर ठरला. माझ्या मते हा बाजाराचा आंधळेपणा आहे. पाचांना जागेवर लावणारा माणूस कडेच्या माणसापेक्षा एक कोटीने कमी मोलाचा कसा?

डावा-उजवा बदल वरवर किरकोळ वाटतो, तसा तो नाही. सगळी पावलं आरशातल्यासारखी उलटी होतात. आयुष्यभर उजव्या हाताने जेवणाऱ्याने उद्यापासून डाव्याने जेवावं, आणि समोरून कुणी ताट ओढत असावं. स्लेटर पडल्यावर चार्जर्सनी उजव्या टॅकलला, जो ऑल्टला, डावीकडे आणलं. तो कॉलेजात डावीकडेच खेळलेला, म्हणून निभावलं. पुढे त्याचाही घोटा गेला आणि क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टने हंगामाचा बराच भाग अंगावर माणसं घेत काढला.

## करिअर म्हणजे दोन करार

शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय या लीगमध्ये येता येत नाही, म्हणून बहुतेक जण कॉलेजात खेळून एकवीस-बावीसाव्या वर्षी येतात. एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो: ३२ संघ, सात फेऱ्या, आळीपाळीने निवड. निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो आणि त्याची रक्कम तो कितव्या क्रमांकाला निवडला गेला यावर जवळपास आधीच ठरलेली असते. घासाघीस करायला फारसा वाव नाही. पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षासाठी थांबवून ठेवण्याची सोय संघाला असते.

खरा पैसा दुसऱ्या करारात. म्हणजे साधारण पंचविशी-सव्विशीपर्यंत शरीर धड ठेवायचं, चांगलं खेळायचं, आणि मग बाजारभाव मिळवायचा. ट्रे स्मिथचं उदाहरण बोलकं आहे. कॉलेजात असताना त्याच्या फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या सापडल्या होत्या, म्हणून संघ बिचकले आणि तो २०२१ च्या ड्राफ्टमध्ये २२६ व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्या वर्षी नवख्याचा किमान पगार होता ६ लाख ६० हजार डॉलर. चार वर्षं तो गार्ड म्हणून खेळला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये चार वर्षांचे ९.४ कोटी डॉलर मिळाले. पहिल्या चार वर्षांत त्याचा गुडघा गेला असता तर ही ओळ लिहायची वेळच आली नसती.

वरचा क्रमांक म्हणजे हमी नव्हे, खालचा म्हणजे शेवट नव्हे. २०१३ मध्ये पहिल्या दोन क्रमांकांना टॅकलच गेले. त्यांतला दुसरा, ल्यूक जोकेल, पाच हंगाम खेळून बाहेर पडला. उलट जेसन केल्सी २०११ मध्ये १९१ वा, सेंटरच्या मानाने हलका, १३३-१३४ किलोचा. तेरा हंगाम खेळला आणि त्याच्या जागेवरच्या सर्वोत्तमांमध्ये गणला जातो. जॉर्डन मायलाटाने तर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. सिडनीत रग्बी लीग खेळणाऱ्या या सहा फूट आठ इंचांच्या पोराला फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये २३३ व्या क्रमांकाला घेतलं, दोन वर्षं नुसतं शिकवलं. २०२५ चा सुपर बोल जिंकणाऱ्या लाइनचा डावा टॅकल तोच.

## आणि जे मधेच गळतात त्यांचं काय?

त्यांची संख्या कितीतरी मोठी. जुलैअखेर शिबिराला प्रत्येक संघाकडे नव्वद खेळाडू असतात. ऑगस्ट संपता संपता ५३ उरतात. बाकीच्यांना एका दिवसात घरी पाठवतात. काहींना सरावाच्या तुकडीत ठेवून घेतात. २०२५ मध्ये तिथे नवख्याला आठवड्याला १३ हजार डॉलर मिळत. अठरा आठवडे टिकला तर २ लाख ३४ हजार होतात, पण नोकरी आठवड्यागणिक; मंगळवारी काढून टाकलं तर बुधवारचं काही खरं नाही. ५३ मध्ये टिकलेल्या नवख्याला त्या वर्षी किमान ८ लाख ४० हजार. त्यातून कर, आणि एजंटचे जास्तीत जास्त तीन टक्के.

राखीव लाइनमनला तारणारा एक छोटा नियम आहे. सामन्याच्या दिवशी संघाला ४७ खेळाडू उतरवता येतात. त्यांत आठ लाइनमन असतील तर ४८. म्हणजे आठवा लाइनमन हा जवळजवळ फुकटात मिळणारा माणूस. म्हणून बाकावरच्याला एक जागा उत्तम येण्यापेक्षा तीन जागा बऱ्या येणं फायद्याचं. दोन्ही गार्ड आणि सेंटर खेळू शकणारा, न चुकता चेंडू मागे देऊ शकणारा माणूस सात-आठ वर्षं काढतो आणि त्याचं नाव त्याच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतं. चार हंगाम भरले की करार संपल्यावर कुठेही जाण्याची मोकळीक. निवृत्तिवेतनाचा हक्क तीन हंगामांत. खालच्या थरातल्यांचं सगळं गणित या तीन आणि चारभोवती फिरतं.

## शरीराचं काय होतं?

बोटं वाकडी होतात, हे तर सामन्यामागून सामना चालतं. समोरच्याच्या जर्सीत अडकून बोट निखळतं, दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधतात, पुढच्या प्रयत्नाला तो उभा. मोठी दुखापत बहुतेक वेळा समोरून येतच नाही. पाय रोवून एकाला थोपवत असताना मागून आपलाच माणूस किंवा दुसरा कुणी पोटरीवर कोसळतो, आणि गुडघा नाही तर घोटा आतल्या बाजूला दुमडतो.

वजन टिकवणं ही वेगळीच मजुरी. दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी, भूक असो वा नसो. लग्नाच्या पंगतीत आग्रहाची दुसरी जिलबी आपल्याला नकोशी होते. इथे रोजच पंगत, आणि आग्रह करणारा वजनकाटा.

डोक्याचा प्रश्न सर्वांत गंभीर. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेब्स्टर १९७४ पासून सतरा हंगाम खेळला, चार सुपर बोल जिंकला, आणि विस्मरण, वेदना, विपन्नावस्थेत २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदू झिजण्याच्या या विकाराला सीटीई म्हणतात. तो सेंटर होता हा योगायोग मानता येत नाही. लाइनमनला शुद्ध हरपणारा एक मोठा फटका क्वचित बसतो. छोटे धक्के मात्र जवळजवळ प्रत्येक स्नॅपला.

यावर लोक म्हणतात, २०१७ च्या अभ्यासात १११ पैकी ११० खेळाडूंच्या मेंदूत हा विकार सापडला, म्हणजे सगळ्यांनाच होतो. तसा अर्थ निघत नाही. ते मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि लक्षणं दिसलेली कुटुंबंच दानाला पुढे येण्याची शक्यता जास्त. दवाखान्याच्या दारात उभं राहून गावात ताप किती, हे मोजण्यासारखं ते होईल. पण ११० मेंदू ही संख्या झटकून टाकण्यासारखीही नाही. तो अभ्यास प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात बाल्टिमोरचा गार्ड जॉन अर्शेल २६ व्या वर्षी निवृत्त झाला. तो एमआयटीत गणितात पीएचडी करत होता; आज तिथेच शिकवतो.

लीगने काही बदल केले आहेत. हंगामात पूर्ण कवच घालून सराव फक्त चौदा वेळा. २०२२ पासून शिबिरात लाइनमनना शिरस्त्राणावर मऊ टोपी सक्तीची. एक जण वरून गुंतवून ठेवतोय तोवर दुसऱ्याने मांडीखाली झेपावणं पूर्ण बंद. पण पहिल्या पावलाला कपाळावर कपाळ येणं हे कामाच्या रचनेतच आहे, ते टोपीने जात नाही.

## तर मग स्लेटरचे पैसे बुडाले?

नाही. इथे करारातला एकच शब्द महत्त्वाचा: हमी. या लीगमधल्या करारांचे मथळ्यातले आकडे बरेचदा फुगीर असतात, कारण हमी नसलेल्या वर्षांचा पगार संघ खेळाडूला काढून टाकून वाचवू शकतो. स्लेटरच्या ११.४ कोटींपैकी सुमारे ९.२ कोटी हमीचे आहेत. जायबंदी होऊन घरी बसला तरी ते त्याचेच. उरलेले पुढच्या वर्षांतल्या खेळावर. हीच दुखापत सही करण्याआधी झाली असती तर हा आकडा कागदावर आलाच असता की नाही, कोण जाणे. एजंट जुलैत शिबिर सुरू होता होताच कराराची घाई करतात, ती म्हणूनच.

## आणि टिकलाच तर?

जो थॉमस हा टिकण्याचा नमुना. २००७ मध्ये क्लीव्हलंडने त्याला तिसऱ्या क्रमांकाला निवडलं, तेव्हा तो समारंभाला न जाता वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासेमारी करत होता. त्यानंतर २२ ऑक्टोबर २०१७ ला दंडाचा स्नायू फाटेपर्यंत तो सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता. त्या काळात त्याच्या पाठीमागे सुमारे वीस वेगवेगळे क्वार्टरबॅक उभे राहिले. संघ इतका सुमार, की बाद फेरीचा एक सामनाही त्याच्या नशिबी आला नाही. तरीही २०२३ मध्ये त्याला खेळातल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. निवृत्तीनंतर त्याने पहिलं काम केलं ते वजन उतरवण्याचं. आज रस्त्यात दिसला तर हा कधी काळी डावा टॅकल होता हे पटणार नाही. गार्ड ॲलन फॅनेकाने सुमारे पंचेचाळीस किलो उतरवले आणि २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सची मॅरेथॉन चार तासांच्या आत धावून काढली.

## पाहायचं तर कुठे पाहायचं

रविवारच्या रात्रीचा अमेरिकेतला सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे सहाच्या सुमारास लागतो. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि आपले डोळेही. पाच-सहा प्रयत्न तरी चेंडू विसरून डाव्या टॅकलचे पाय पाहा. गुडघे वाकलेले, पाय जमिनीलगत आणि हल्लेखोर त्याच्या बाहेरून लांबचा वळसा घेत असेल, तर काम झालं. डोकं पायांच्या पुढे झुकलं, की पुढच्या सेकंदाला काय होणार ते तुम्हाला समालोचकाआधी कळेल.

चेंडू न पकडण्याच्या नियमाला एक फट आहे. प्रयत्नाआधी पंचांकडे जाऊन ‘या वेळी मी पकडणारा’ असं सांगितलं, तर लाइनमनलाही फेक झेलता येते. पंच त्याचा नंबर समोरच्यांना आणि माइकवर जाहीर करतात. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसमध्ये डेट्रॉइटने हाच डाव टाकला. शेवटचे २३ सेकंद, एका गुणाची पिछाडी, दोन गुणांचा प्रयत्न. समोरच्यांना चकवायला दोघं-तिघं दांडगे एकदम पंचांच्या दिशेने गेले. फेक ६८ नंबरच्या टेलर डेकरकडे गेली आणि या डाव्या टॅकलने ती अलगद झेलली. डेट्रॉइटचे खेळाडू नाचू लागले. पण पंचांनी नोंदवून जाहीर केला होता तो ७० नंबर, दुसऱ्याच लाइनमनचा. गुण रद्द, वर दंड, आणि डेट्रॉइट १९-२० असं हरलं.